घराची, गाडीची तोडफोड झाली तर पोलिसांत तक्रार कशी द्यायची: पहिल्यांदाच पोलीस ठाण्यात जाणाऱ्यांसाठी

हे मी मुख्यतः पुण्यात आणि पिंपरी चिंचवडला नवीन राहायला आलेल्यांसाठी लिहितोय. नोकरीसाठी आलात, भाड्याने फ्लॅट घेतला, पार्किंग मिळालं नाही म्हणून गाडी रस्त्यावर लागते, आणि एक दिवस सकाळी कळतं की रात्रीत कोणीतरी रांगेतल्या सगळ्या गाड्यांच्या काचा फोडून गेलं. इथे हा प्रकार परत परत होतो. दोन टोळक्यांचं वाजलेलं असतं, एरियात दहशत बसवायची असते, कोयते नाचवत येतात आणि ज्यांचा काडीचा संबंध नाही त्यांच्या रिक्षा, टेम्पो, बाईक, कार फोडून निघून जातात. ज्याची रिक्षा हप्त्यावर आहे त्याचा त्या दिवसाचा धंदा बुडतो, काचेचा खर्च वेगळा, आणि हप्ता तर काही थांबत नाही. दुसरा प्रकार शांत असतो पण जास्त छळतो, म्हणजे कोणीतरी खुन्नसने रोज काहीतरी करतं, गाडीवर किल्लीने ओरखडे, बाईकची सीट ब्लेडने फाडणं, पेट्रोलचा पाइप कापणं, खिडकीवर दगड, दारावर शिव्या लिहिणं, कुंड्या फोडणं, सोसायटीचा कॅमेराच तोडून टाकणं.

आमच्या सोसायटीच्या कमिटीत असल्यामुळे शेजाऱ्यांबरोबर पोलीस ठाण्यात जाणं होतं, आणि प्रत्येक वेळी लोक एकच म्हणतात, काय उपयोग, पोलीस काही करत नाहीत. मला हे अजिबात पटत नाही. एखाद्याला तडीपार करायचा प्रस्ताव असो, एमपीडीए (धोकादायक गुंडाला स्थानबद्ध करायचा कायदा) असो की मोक्का (संघटित टोळ्यांविरुद्धचा कायदा), सगळं त्या माणसाच्या रेकॉर्डवर उभं राहतं, मोक्कासाठी तर मागच्या दहा वर्षांतली टोळीवरची आधीची दोषारोपपत्रं बघितली जातात. दहा घरांनी गप्प बसून काच बदलून घेतली तर कागदावर त्या पोराने आयुष्यात काही केलेलंच नसतं. म्हणून तक्रार द्या, आणि नीट द्या, कारण तक्रारीत काय लिहिलंय यावरच तिचं पुढे काय होणार ते ठरतं.

सगळ्यात आधी: हात लावू नका, झाडू मारू नका

काचा दिसल्या की आपला पहिला हात झाडूकडे जातो. थांबा. आधी मोबाईल काढा आणि फोटो घ्या, लांबून एक ज्यात रस्ता, बिल्डिंग, शेजारच्या गाड्या दिसतील, मग नंबर प्लेटसकट पूर्ण गाडी, मग जवळून जिथे मार लागलाय तो भाग. आत पडलेला दगड, वीट, तुटलेला दांडा, बाटली काहीही असेल तर जागेवरच राहू द्या, उचलून बाजूला ठेवू नका. त्यानंतर एक सलग व्हिडिओ काढा, न थांबता, गेटपासून गाडीपर्यंत चालत जात. लहान मुलं, कुत्री फिरत असतील तर दोन खुर्च्या आडव्या लावा किंवा वॉचमनला उभं करा.

गाडी लगेच सुरू करून बघायचा मोह होतो, तोही टाळा. पेट्रोलचा वास येतोय का, ब्रेकची वायर शाबूत आहे का, बाईकच्या चाकाचे नट ढिले केलेत का हे मेकॅनिकने बघितल्याशिवाय गाडी हलवायची नाही.

तोडफोड चालूच असेल, खालून आवाज येतायत, तर खाली जाऊ नका. ११२ ला फोन करा, पत्ता आणि जवळची ओळखीची खूण सांगा, किती जण आहेत आणि हातात काय आहे ते सांगा, आणि खिडकीच्या आडून जमेल तेवढं शूट करा. हातात कोयता असलेल्या मुलांना अडवायला जाऊन कोणी जखमी व्हावं एवढी कुठल्याच गाडीची किंमत नाही. फोनचा कॉल लॉग डिलीट करू नका, किती वाजता फोन केला याचा तो पुरावा असतो.

मग एका कागदावर वेळा लिहून काढा. गाडी शेवटची धडधाकट कधी बघितली, कोणी बघितली, नुकसान पहिल्यांदा कोणाच्या लक्षात आलं आणि किती वाजता. समजा रात्री साडेअकराला गाडी लावली आणि सकाळी सहाला दूधवाल्याने बेल वाजवून सांगितलं, तर फुटेज नेमकं त्या साडेसहा तासांतलं शोधायचं. हे तेव्हाच लिहा, संध्याकाळपर्यंत प्रत्येक जण वेगळी वेळ सांगायला लागतो.

फुटेज, आजच्या आज

सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग कायम राहत नाही. हार्ड डिस्क भरली की डीव्हीआर, म्हणजे रेकॉर्डिंगचं मशीन, जुन्यावर नवीन लिहीत जातो, कुठे महिनाभर राहतं, कुठे आठवडाभर, छोट्या दुकानांत त्याहून कमी. त्यामुळे पोलीस कधी येतील याची वाट न बघता स्वतः जाऊन कॅमेरे शोधा. आपल्या सोसायटीचा, समोरच्या मेडिकलचा, किराणावाल्याचा, एटीएमचा, कोपऱ्यावरच्या हॉटेलचा. दुकानदार कधी कधी म्हणतो पोलिसांचं पत्र आणा, त्यात त्याची चूक नाही, त्याला एवढीच विनंती करायची की दादा, तेवढं रेकॉर्डिंग उडू देऊ नका, आणि कुठे कुठे कॅमेरे आहेत त्याची यादी पोलिसांना द्यायची.

स्वतःच्या डीव्हीआरवरून घेताना पेनड्राइव्हवर मूळ फाइल उतरवून घ्या. स्क्रीनचं मोबाईलवर शूटिंग हे फक्त दाखवायला ठीक आहे. व्हॉट्सॲपवर पाठवलेला व्हिडिओ दाबला जातो, चेहरा आणि नंबर प्लेट दोन्ही धूसर होतात. डीव्हीआरचं घड्याळ पुढे मागे असतं, बऱ्याच ठिकाणी तर तारीखच चुकीची असते, म्हणून उतरवताना डीव्हीआरवरची वेळ आणि तुमच्या मोबाईलवरची वेळ एका फोटोत घ्या आणि फरक किती तो लिहून ठेवा. कोर्टात हे फुटेज चालायला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं सर्टिफिकेट लागतं, पूर्वी ज्याला ६५ ब म्हणायचे तेच. त्यात कुठलं मशीन, कोणाच्या ताब्यात, फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा कोड) काय हे येतं आणि ज्याच्या ताब्यात मशीन आहे त्याची सही लागते. याचा नमुना तपास अधिकारी देतात, तुम्ही फक्त डीव्हीआर फॉरमॅट होणार नाही आणि ज्या फाइली दिल्या त्या कोणी एडिट करणार नाही एवढं बघा.

आणि कळकळीने सांगतो, ती क्लिप एरियाच्या ग्रुपवर फिरवू नका. एक तर आरोपी सावध होऊन गावाला पळतात. दुसरं म्हणजे या प्रकारात अल्पवयीन मुलं खूप वेळा असतात, आणि बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ नुसार अशा मुलाची ओळख उघड करणं हाच गुन्हा आहे. न्याय मागायला गेलेला माणूस स्वतःच अडकायला नको.

एनसी की एफआयआर, इथे नीट लक्ष द्या

इथेच सगळ्यात जास्त लोकांचा गोंधळ होतो. एनसी म्हणजे अदखलपात्र तक्रारीची नुसती नोंद, एफआयआर म्हणजे दखलपात्र गुन्हा दाखल होणं. १ जुलै २०२४ पासून आयपीसी जाऊन भारतीय न्याय संहिता आली. तोडफोड करून नुकसान करण्याला कायद्याच्या मराठीत आगळीक म्हणतात, त्याचं कलम आता ३२४. पूर्वीच्या कागदांवर ४२६, ४२७ दिसेल, ते हेच.

कलम ३२४ मध्ये नुकसानीच्या रकमेप्रमाणे पायऱ्या आहेत. साधं नुकसान, सहा महिन्यांपर्यंत शिक्षा किंवा दंड. वीस हजार ते एक लाखाच्या आत, दोन वर्षांपर्यंत. एक लाख आणि त्याच्या वर, पाच वर्षांपर्यंत. यातली खालची पायरी आणि वीस हजार ते एक लाखाची पायरी अदखलपात्र आहे, म्हणजे पोलीस एनसी घेतात, तुम्हाला नंबर देतात, पण मॅजिस्ट्रेटच्या आदेशाशिवाय तपास करू शकत नाहीत. एक लाखाच्या वर गेलं की दखलपात्र, म्हणजे एफआयआर आणि थेट तपास. त्यामुळे ड्युटीवरचा ठाणे अंमलदार जेव्हा म्हणतो की याची एनसीच होते, तेव्हा तो दरवेळी टाळत नसतो, एका कारची एक काच फुटली असेल तर कायदा खरंच तेवढाच आहे.

पण घटनेत बहुतेक वेळा अजून काहीतरी असतं आणि ते लोक सांगतच नाहीत, सगळं लक्ष काचेवर असतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या (पूर्वीचं सीआरपीसी, पोलीस आणि कोर्टाच्या कामाची पद्धत सांगणारा कायदा) कलम १७४ मध्ये स्पष्ट आहे की एका प्रकरणात अनेक गुन्हे असतील आणि त्यातला एक जरी दखलपात्र असेल तर पूर्ण प्रकरण दखलपात्र धरायचं. मग स्वतःला हे विचारा. ते लोक कंपाउंडच्या आत आले होते का? गेट ओलांडून, भिंतीवरून उडी मारून आत शिरून नुकसान केलं असेल तर तो अतिक्रमणाचा गुन्हा पण झाला, कलम ३२९, आणि तो दखलपात्र आहे. हातात कोयता, तलवार होती का? मग आर्म्स ॲक्ट आणि महाराष्ट्र पोलीस कायद्याची कलमं येतात. पाच किंवा जास्त जण मिळून आले का? मग बेकायदेशीर जमाव आणि दंगलीची कलमं बघितली जातात. काही पेटवलं का, नुसतं सीट कव्हर का असेना? आग लावून नुकसान म्हणजे कलम ३२६, सात वर्षांपर्यंत शिक्षा, आणि राहतं घर जाळायच्या हेतूने असेल तर जन्मठेपेपर्यंत. कोणाला धक्काबुक्की, मारहाण झाली का? जाताना गाडीतून टेप, बॅटरी, सुटे पैसे नेले का, ती चोरी झाली.

एक उदाहरण घ्या. एकाच सोसायटीतल्या दोन गाड्या. एक रस्त्याच्या कडेला, तिची मागची काच फुटली, खर्च बारा हजार. दुसरी गेटच्या आत, तिचीही तेवढीच काच, तेवढाच खर्च. पहिल्याने लिहिलं की माझ्या गाडीची काच अज्ञाताने फोडली. दुसऱ्याने लिहिलं की रात्री सव्वादोन वाजता तीन इसम बंद गेटवरून उडी मारून सोसायटीच्या आवारात शिरले, एकाच्या हातात कोयता होता, त्याने गाडीची काच फोडली, हे फुटेजमध्ये दिसतं. पहिल्याची एनसी, दुसऱ्याचा एफआयआर. दोघांनी खरंच लिहिलंय, फक्त दुसऱ्याने पूर्ण लिहिलं. वाढवून, न घडलेलं घालून लिहू नका, खोटी माहिती देणं हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि फुटेज आलं की ते उघडं पडतंच. पण जे घडलं त्यातलं काही गाळू पण नका.

रांगेतल्या बऱ्याच गाड्या फुटल्या असतील तर एकेकट्याने जाऊन एकेक एनसी घेऊन येऊ नका. सगळे एकत्र जा. एकाने फिर्यादी व्हायचं, बाकीच्यांच्या गाड्यांचे नंबर, मालकांची नावं आणि प्रत्येकाचं अंदाजे नुकसान त्याच फिर्यादीत लिहायचं, बाकीचे साक्षीदार होतात. एकाच घटनेचं चित्र पूर्ण उभं राहतं आणि रक्कमही खरी दिसते.

रकमेचा पुरावा म्हणून जाताना गॅरेजचं इस्टिमेट घेऊन जा. ऑथोराइज्ड सर्व्हिस सेंटरला फोटो पाठवले तरी अंदाजे कोटेशन देतात, तेही प्रिंट काढून जोडा. घराचं असेल तर काचवाल्याचं, सुताराचं, पेंटरचं. आकडा तोंडी सांगितला की पोलीस त्यांच्या अंदाजाने लिहितात आणि तो जवळपास नेहमी कमी असतो.

अर्ज कसा लिहायचा

कोऱ्या कागदावर मराठीत, दोन प्रती. वकिली भाषेची गरज नाही. साधारण असा:

प्रति, मा. वरिष्ठ पोलीस निरीक्षक, (तुमचं) पोलीस ठाणे.
विषय: आमच्या वाहनाची तोडफोड करून नुकसान केल्याबाबत तक्रार.
मी (नाव), वय, व्यवसाय, राहणार (पूर्ण पत्ता), मोबाईल नंबर, लेखी तक्रार देतो की, मी वरील पत्त्यावर कुटुंबासह राहतो. माझ्या मालकीची (गाडीचं मॉडेल, रंग, नंबर) ही गाडी मी (तारीख) रोजी रात्री (वेळ) वाजता (नेमकी जागा) येथे लॉक करून लावली होती, त्यावेळी ती सुस्थितीत होती. (तारीख) रोजी सकाळी (वेळ) वाजता (कोणी) मला सांगितल्यावर मी खाली जाऊन पाहिले असता (काय काय फुटलेलं, कापलेलं, जळलेलं दिसलं ते एकेक). सोसायटीच्या सीसीटीव्हीमध्ये (वेळ) वाजता (किती इसम, कपडे, गाडी, हातात काय, आत कसे आले, काय केलं) दिसत आहे. माझे अंदाजे (रक्कम) रुपयांचे नुकसान झाले आहे. तरी संबंधितांवर कायदेशीर कारवाई व्हावी ही विनंती.
सोबत: फोटो, पेनड्राइव्ह, इस्टिमेट, आरसी आणि आधारची झेरॉक्स.

कोणावर संशय असेल तर "अमुकनेच केलं" असं ठोकून लिहू नका. "माझा अमुक व्यक्तीवर संशय आहे, कारण अमुक तारखेला पार्किंगवरून वाद झाला होता व त्यांनी गाडी फोडण्याची धमकी दिली होती" असं कारणासकट लिहा. धमकी कोणासमोर दिली ते पण.

तक्रार कोण देऊ शकतं हे पण विचारतात. गाडी वडिलांच्या नावावर आहे आणि वडील गावाला आहेत तर मुलगा देऊ शकतो, ज्याला घटना माहीत आहे तो कोणीही देऊ शकतो. भाडेकरूही देऊ शकतात, नक्की द्या, आणि घराची खिडकी, दार फुटलं असेल तर त्याच दिवशी घरमालकाला फोटो आणि तक्रारीची प्रत पाठवा, नाहीतर घर सोडताना ते डिपॉझिटमधून कापलं जातं. लिफ्ट, कॅमेरे, गेट, कॉमन लाइट याची तक्रार सेक्रेटरी किंवा चेअरमनने सोसायटीतर्फे द्यायची, लेटरहेडवर, कमिटीचा ठराव जोडून. एकट्या माणसाचं नाव पुढे येत नाही हा पण त्यातला फायदा आहे, कारण एफआयआरची प्रत आरोपीला मिळते आणि फिर्यादीचं नाव त्यात असतं, ही गोष्ट आधीच माहीत असलेली बरी.

ठाण्यात गेल्यावर

चौकी आणि पोलीस ठाणे यात फरक आहे. घराजवळ चौकी असते, तिथले लोक जागेवर येऊन बघून जातात, पण गुन्हा दाखल होतो तो ठाण्यात. आपलं ठाणं कुठलं हे आजच शोधून ठेवा, पिंपरी चिंचवडचं आयुक्तालय २०१८ पासून वेगळं आहे आणि हद्दीजवळ राहणाऱ्यांची हमखास चुकामूक होते. पण "ही आमची हद्द नाही" म्हणून परत पाठवता येत नाही, दखलपात्र गुन्हा असेल तर झिरो एफआयआर घेऊन योग्य ठाण्याला पाठवायची जबाबदारी त्यांची. तक्रार ईमेलने किंवा ऑनलाइनही पाठवता येते, फक्त तीन दिवसांच्या आत जाऊन सही करावी लागते.

ठाणे अंमलदाराकडे जायचं, शांतपणे काय झालं ते दोन वाक्यांत सांगायचं आणि अर्ज पुढे ठेवायचा. वेळ लागतो, बंदोबस्ताचा दिवस असेल तर अजून लागतो, पाण्याची बाटली आणि चार्जर घेऊन जा, एकटे जाऊ नका. ते तुमचा जबाब टाइप करतील, सही करायच्या आधी पूर्ण वाचा, वेळ, गाडीचा नंबर, रक्कम, आत शिरल्याचा आणि हत्याराचा उल्लेख आलाय का बघा, नसेल तर "साहेब, एवढं घालता का" म्हणून सांगा, घालतात. एफआयआरची प्रत फुकट मिळते, तो तुमचा हक्क आहे. त्यावर गु.र.नं., म्हणजे गुन्हा रजिस्टर नंबर, आणि कलमं असतात. एनसी असेल तर तिचीही प्रत घ्या. तपास कोणाकडे दिलाय त्यांचं नाव, हुद्दा, मोबाईल नंबर लिहून घ्या. नुसता अर्ज ठेवून घेतला तर दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक नंबर आणि सही घेतल्याशिवाय उठू नका.

मग स्थळ पंचनामा होतो, दोन पंच लागतात. शेजारी पंच व्हायला घाबरतात, कोर्टात जावं लागेल म्हणून, पण कोणीतरी उभं राहायलाच हवं, आधीच दोघांशी बोलून ठेवा. पंचनामा झाला की मगच झाडलोट. साठ वर्षांवरच्या आजोबांनी किंवा घरातल्या बायकांनी काही बघितलं असेल तर साक्षीदार म्हणून त्यांना ठाण्यात बोलावता येत नाही, जबाब घरी येऊन घ्यायचा असा नियम आहे, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता कलम १७९. हे नम्रपणे सांगितलं की बहुतेक अधिकारी मानतात.

घेतलंच नाही तर

दखलपात्र गुन्हा असेल तर एफआयआर घ्यावाच लागतो, सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात हे सांगितलंय. नव्या सुरक्षा संहितेत तीन ते सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करायची मुभा आहे, त्यासाठी डीवायएसपी (पोलीस उपअधीक्षक) दर्जाच्या अधिकाऱ्याची परवानगी लागते, म्हणून "चौकशी करतो" म्हणाले तर ती कुठल्या कलमाखाली ते विचारा. अंमलदार नाही म्हणाले तर आधी वरिष्ठ निरीक्षकांना भेटा, माझ्या अनुभवात निम्मी कामं त्या एका भेटीत होतात. तरी नाही झालं तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने डीसीपींना (पोलीस उपायुक्त), ग्रामीण भागात एसपींना (पोलीस अधीक्षक) पाठवा, पोचपावती जपून ठेवा. त्यानंतरचा रस्ता मॅजिस्ट्रेट कोर्टाचा, सुरक्षा संहितेच्या कलम १७५(३) खाली, तिथे प्रतिज्ञापत्र लागतं आणि वकील घेतलेला बरा.

एनसी झाली म्हणून हातावर हात ठेवून बसायचं नाही. शेजारी किंवा ओळखीचाच माणूस वारंवार त्रास देत असेल तर प्रत्येक वेळी एनसी करा. त्या जमल्या की पोलिसांना लेखी विनंती करा की चॅप्टर केस करा, म्हणजे सुरक्षा संहितेच्या कलम १२६ खाली त्या माणसाकडून शांतता राखायचा बाँड घेतला जातो, पूर्वीचं १०७. त्याआधी साधी नोटीस पण देतात, जुने हवालदार अजून तिला १४९ ची नोटीसच म्हणतात, आता ती १६८ झालीय. ओरखडे काढणाऱ्या शेजाऱ्याला ती नोटीस हातात पडली की बऱ्याचदा तिथेच थांबतं. आणि तडजोड करायची असेल तर नुकसानभरपाईची रक्कम मिळाल्यावरच लेखी करा, तोंडी "मिटवून टाका" वर विश्वास ठेवून तक्रार मागे घेऊ नका.

विमा

फक्त थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर तोडफोडीचे पैसे मिळत नाहीत. ओन डॅमेज असलेली पॉलिसी, ज्याला सगळे फर्स्ट पार्टी म्हणतात, त्यात दंगल, संप आणि मुद्दाम केलेलं नुकसान येतं. त्याच दिवशी कंपनीला कळवा, क्लेम नंबर घ्या, आणि सर्व्हेअर बघून जाईपर्यंत दुरुस्ती करू नका. काचेवर घसारा कापत नाहीत, पण प्लास्टिक, रबरच्या पार्टवर पन्नास टक्के कापतात, झिरो डेप (घसारा न कापण्याचं जादा कव्हर) असेल तर हे टळतं. शिवाय छोट्या कारला एक हजार, १५०० सीसीच्या वरच्या कारला दोन हजार तुमच्या खिशातून जातात. आणि नो क्लेम बोनस, जो वीस टक्क्यांपासून वाढत पन्नासपर्यंत जातो, तो क्लेम केला की पुढच्या वर्षी जातो, म्हणून एका बाजूच्या काचेसाठी क्लेम करायच्या आधी गणित मांडा. क्लेम नाही केला तरी पोलीस तक्रार मात्र कराच.

घराचा विमा फार कमी लोक काढतात. २०२१ पासून सगळ्या जनरल इन्शुरन्स कंपन्यांकडे भारत गृह रक्षा नावाची एकसारखी पॉलिसी मिळते, त्यात दंगल आणि मुद्दाम केलेलं नुकसान धरलेलं आहे. भाडेकरू फक्त आतल्या सामानाचा विमा घेऊ शकतात.

गावाकडे असाल तर

गावात तोडफोड म्हणजे रात्रीत द्राक्षबाग कापणं, ठिबकच्या नळ्या तोडणं, कडब्याची गंजी किंवा उसाचा फड पेटवणं. आधी पोलीस पाटलांना कळवा, ते ठाण्याला कळवतात. पण स्वतःही जा. नुकसान शेतमालाचं असेल तर तलाठी आणि कृषी सहाय्यकांचा पंचनामा पण करून घ्या, किती वेली, किती गुंठे, कुठल्या अवस्थेतलं पीक, कारण उभ्या पिकाची रक्कम पोलीस ठरवू शकत नाहीत आणि सातबारा जोडल्याशिवाय पुढे अडतं. आग लावली असेल तर शेतमालाचा उल्लेख कलम ३२६ मध्येच आहे, ते दखलपात्र आहे, एनसीवर समाधान मानू नका.

त्यानंतर

आरोपी पकडले गेले आणि दुसऱ्या दिवशी एरियात फिरताना दिसले तर खचू नका, नुसतं कलम ३२४ असेल तर जामीन मिळतोच. परत धमकी दिली, घरासमोर येऊन गाडीचा हॉर्न वाजवत बसले तर ती नवी तक्रार, जुन्या गु.र.नं.चा उल्लेख करून तपास अधिकाऱ्यांना लेखी द्या आणि रात्रीची गस्त मागा. मुलं अल्पवयीन असतील तर प्रकरण बाल न्याय मंडळाकडे जातं.

तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीला कळवायचं बंधन पोलिसांवर आहे, सुरक्षा संहितेचं कलम १९३. नाही कळवलं तर गु.र.नं. टाकून दोन ओळींचं पत्र द्या. आरोपी सापडलेच नाहीत तर पोलीस कोर्टात अ समरी पाठवतात, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी मिळाला नाही. तक्रार खोटी वाटली तर ब समरी, आणि गैरसमजातून किंवा दिवाणी स्वरूपाची वाटली तर क समरी. कोर्टातून याची नोटीस घरी येते, लोक ती घाबरून किंवा कंटाळून ड्रॉवरमध्ये टाकतात. तसं करू नका. त्या तारखेला जा, अ समरी असेल आणि तुमच्याकडे नवीन काही नसेल तर हरकत नाही म्हणून सांगा, पुढे आरोपी सापडला तर ती केस परत उघडता येते. ब किंवा क आली असेल तर तिथेच लेखी हरकत घ्या, आणि फुटेजची तुमच्याकडची प्रत, इस्टिमेट, शिक्का मारलेला अर्ज सोबत न्या. पत्ता बदलला असेल, भाड्याच्या घरात अकरा महिन्यांनी बदलतोच, तर नवा पत्ता ठाण्यात लेखी कळवून ठेवा म्हणजे नोटीस जुन्या घरी जाणार नाही.